कॉलेजचं नाव नक्की कुणापुढे चालतं? (इंजिनिअरिंग प्रवेश, प्रतिष्ठा आणि घरातले वाद)

रानवाट

कॅपचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, पर्याय-अर्ज भरायचे दिवस आले की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दुसरा विषय नसतो. यंदा पाळी भाचीची आहे. ताई-दाजी कराडला असतात. पोरीला एमएचटी-सीईटीत उत्तम पर्सेंटाइल मिळालेत, रसायनशास्त्र तिला मनापासून आवडतं, आणि पहिला पर्याय म्हणून तिला माटुंग्याच्या आयसीटीचं (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) केमिकल इंजिनिअरिंग टाकायचं आहे. दाजींचा आग्रह पुण्याच्या जुन्या सरकारी कॉलेजचा, सीओईपीचा, शाखा मिळेल ती. दाजींचे थोरले बंधू म्हणतात, पुण्यातल्या बऱ्यापैकी खासगी कॉलेजात कॉम्प्युटर घ्या आणि मोकळे व्हा. आयसीटीचं नाव निघालं तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "म्हणजे ते पण कॉम्प्युटरचंच ना?"

मी रोह्याच्या बाजूला रंगद्रव्यांच्या कारखान्यात उत्पादन विभाग बघतो. आमच्या धंद्यात जुनी माणसं आयसीटीला अजून 'यूडीसीटी' म्हणतात आणि ते म्हणताना आवाजात आदर असतो. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ही संस्था सुरू झाली, २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. माशेलकर तिथले, डॉ. रेड्डीज काढणारे अंजी रेड्डी तिथले, मुकेश अंबानी तिथले. मनमोहन शर्मांसारखे रॉयल सोसायटीचे फेलो झालेले प्राध्यापक तिथे आयुष्यभर शिकवत राहिले. औषधं, रंग, पॉलिमर, खाद्यतेल, यातल्या कुठल्याही कारखान्यात जा, तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यांत तिथला कुणी ना कुणी भेटतोच. आणि कराडच्या आमच्या गल्लीत हे नाव कुणाला माहीत नाही!

म्हणून हा धागा. मला असं वाटायला लागलंय की 'प्रतिष्ठित संस्था' हा शब्दप्रयोगच अर्धवट आहे. कुणाच्या नजरेत प्रतिष्ठित, हे त्यात आलंच पाहिजे. नातेवाइकांच्या नजरेतली प्रतिष्ठा वेगळी, पहिली नोकरी देणाऱ्याच्या नजरेतली वेगळी, त्या विषयात आयुष्य घालवलेल्यांच्या नजरेतली आणखी वेगळी. आपण प्रवेशाच्या वेळी पहिलीला सगळ्यात जास्त भाव देतो आणि ती पुढे सगळ्यात कमी कामाला येते.

तुमचे अनुभव लिहा. भाचीला हा धागा वाचायला देणार आहे, त्यामुळे मनापासून लिहा.

साधासरळ

तुमच्या दाजींचे बंधू बरोबर सांगतायत. शाखा महत्त्वाची, त्यातही कॉम्प्युटर. चार वर्षांनी नोकरीचा प्रश्न येतो तेव्हा रसायनाची आवड कुणी विचारत नाही.

रानवाट

साधासरळ, आमच्याकडे मुलाखतीत तेच विचारतात. रिअ‍ॅक्टरचं तापमान हाताबाहेर जायला लागलं तर तू आधी काय करशील, या प्रश्नाचं उत्तर ज्याला विषयाची गोडी आहे तोच नीट देतो. सगळ्या नोकऱ्या हिंजवडीत नसतात.

तुंगभद्रा

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. 'नावाला भुलू नका' हा सल्ला मी फार ऐकलाय, आणि तो देणाऱ्यांच्या पाठीशी बहुतेक वेळा दुसरं काहीतरी नाव असतं. वडील अधिकारी, काका कंपनीत, आत्या अमेरिकेत.

मी नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मुंबईच्या व्हीजेटीआय या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला तेव्हा माटुंगा कुठे आहे हे आम्हाला नकाशावर शोधावं लागलं. तिथे सगळेच शिक्षक असामान्य होते असं मी म्हणणार नाही. काही फार चांगले होते, काही वही बघून फळ्यावर उतरवायचे. पण पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी कुठून आले, इंग्रजी कसं बोलते, कपडे कसले घातलेत, हे सगळं मागे पडलं, कारण अर्जावर वरच्या ओळीत ते नाव होतं. समोरच्या माणसाने गृहीत धरलं की हिला येत असणार. ते गृहीत धरणं आमच्यासारख्यांच्या वाट्याला दुसऱ्या कुठल्या मार्गाने येत नाही.

माझ्याच तालुक्यातला एक मुलगा, माझ्यापेक्षा हुशार, जवळच्या एका खासगी कॉलेजात गेला. विषय त्याला माझ्याइतकाच येत होता. पण तिथे कंपन्याच यायच्या नाहीत. स्वतःला सिद्ध करायला त्याला कितीतरी वर्षं जास्त लागली. त्यामुळे रानवाट, 'कुणापुढे चालतं' हा तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण त्याला एक जोड द्या: नावाची गरज कुणाला आहे? ज्याच्या आडनावाला वजन नाही, त्याला कॉलेजच्या नावाचं वजन लागतं.

मध्यमान

तुंगभद्रा यांचा प्रतिसाद अर्थशास्त्रातल्या एका जुन्या शोधाशी तंतोतंत जुळतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

अमेरिकेत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. नावाजलेल्या विद्यापीठातून निघालेले जास्त कमावतात हे सगळ्यांनाच दिसतं. पण ते विद्यापीठामुळे, की मुळात तशीच मुलं तिथे जातात म्हणून? त्यांनी अशी मुलं घेतली ज्यांना तुल्यबळ विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता, पण त्यातली काही कमी नावाच्या ठिकाणी गेली. पुढच्या कमाईत फारसा फरक सापडला नाही. अपवाद होता गरीब घरच्या मुलांचा. त्यांना नावाजलेल्या संस्थेत गेल्याचा फायदा स्पष्ट दिसला. याच दोघांनी नंतर जास्त वर्षांची आकडेवारी घेऊन पुन्हा पाहिलं, तेव्हा कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक विद्यार्थी आणि कमी शिकलेल्या आईवडिलांची मुलं यांच्याबाबतही तेच निघालं.

२०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी हार्वर्ड-येलच्या पातळीच्या बारा विद्यापीठांवर काम केलं. सरासरी कमाईत तिथेही मोठा फरक नाही. मात्र देशातल्या सर्वांत वरच्या १ टक्का कमाईच्या गटात पोचण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी वाढते, आणि नामांकित संस्थांत नोकरी मिळण्याची जवळपास तिप्पट होते. म्हणजे साधारण चांगलं आयुष्य हवं असेल तर नाव फार हात देत नाही, पण अगदी वरच्या, मोजक्या जागांच्या दारापाशी ते फार चालतं.

आता आपल्याकडचं. शीतल सेखरी यांचा भारतातल्या महाविद्यालयांवरचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. प्रवेशाच्या कटऑफच्या जेमतेम वर राहून नावाजलेल्या सरकारी महाविद्यालयात गेलेली मुलं आणि जेमतेम खाली राहून खासगीत गेलेली मुलं त्यांनी ताडून पाहिली. पगार सरकारीवाल्यांना जास्त. पण शेवटच्या परीक्षेतल्या गुणांत मोजण्याजोगा फरक नाही! म्हणजे शिकणं सारखंच झालं, पैसे नावाचे मिळाले.

या निष्कर्षावर मी कितीतरी वेळा विचार केलाय. मुलांना दोष देण्यासारखं त्यात काही नाही. पगार देणाऱ्याला समोरच्याला काय येतं हे दिसत नाही, म्हणून तो नाव बघतो. कोलंबिया देशात पदवीच्या शेवटी राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली आणि तिचे गुण मालकांना दिसायला लागले, तेव्हा पगार ठरवताना कॉलेजच्या नावाचं वजन कमी झालं, असाही एक अभ्यास आहे. कौशल्य दाखवायची दुसरी सोय झाली की नावाची मक्तेदारी सैल होते.

पिंपळपान

मध्यमान, उत्तम प्रतिसाद. मला आपल्या राज्यात ही उतरंड कशी तयार झाली ते मांडायचंय, कारण पालकांच्या डोक्यातली क्रमवारी तिथून आलेली आहे.

सीओईपीची सुरुवात १८५४ ची, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही आधीची. ब्रिटिशांना रस्ते-पाटबंधाऱ्यांच्या कामावर दुय्यम अधिकारी हवे होते, त्यातून ते उभं राहिलं. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले ते याच परंपरेत. व्हीजेटीआय १८८७, मुंबईच्या गिरण्यांच्या काळातलं. मग सांगलीचं वालचंद १९४७, नागपूर, औरंगाबाद आणि कराड १९६०, अमरावती १९६४. इतक्या मोठ्या राज्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कॉलेजं! जागा कमी, फी नाममात्र, त्यामुळे सगळे वरचे गुणवंत तिथेच जात. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि पुण्यातली आज माहीत असलेली बरीचशी खासगी कॉलेजं त्या एक-दोन वर्षांतली आहेत. तेव्हापासून घराघरात एक रेघ ओढली गेली: सरकारी म्हणजे हुशार, विनाअनुदानित म्हणजे पैसेवाले.

ती रेघ आज तितकी खरी नाही. खासगीतली काही कॉलेजं कॉम्प्युटरसाठी जुन्या सरकारी कॉलेजांच्या तोडीस तोड झाली आहेत, आणि सरकारी म्हणून नावाजलेल्या काही ठिकाणी प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरची तरुण मुलं तुटपुंज्या मानधनावर ओझं वाहतात. हे मी पोटतिडकीने लिहितोय, कारण मी त्या व्यवस्थेत शिकवलं आहे. बाहेर नाव तसंच चमकत राहतं आणि आत शिकवायला माणूस नसतो.

आणि कटऑफचं काय होतं बघा. पालक गेल्या वर्षीचा कटऑफ उतरत्या क्रमाने लावतात आणि तोच पर्यायांचा क्रम म्हणून भरतात. त्यामुळे ज्याचा कटऑफ वर, तो पुढच्या वर्षीही वर. कटऑफ एवढंच सांगतो की गेल्या वर्षी किती जणांना तिथे जायचं होतं. तिथे काय शिकवतात याचा त्यात अंशही नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या पहिल्या शंभरातले बहुसंख्य आयआयटी मुंबईचं कॉम्प्युटर सायन्सच घेतात, त्यामागेही हेच आहे. भारतातल्या संगणक शिक्षणाची पायवाट कानपूरने घातली, १९६३ साली तिथे आयबीएमचा संगणक आला. आज कानपूरचं शिक्षण मुंबईपेक्षा कमी प्रतीचं आहे असं जाणकार कुणी म्हणत नाही. पण आधीचे गेले म्हणून पुढचे जातात.

उंबरठा

मी एका यंत्रभाग बनवणाऱ्या कंपनीत भरतीचं काम बघते. आतल्या बाजूने सांगते.

आम्ही दरवर्षी मोजक्याच कॉलेजांत जातो. कारण अगदी साधं आहे. एका कॉलेजात जायचं म्हणजे दोन-तीन इंजिनिअर दिवसभर कामावरून काढायचे, परीक्षा घ्यायची, मुलाखती घ्यायच्या. जिथे पन्नास मुलांत दहा चालतील तिथे जाणं परवडतं, जिथे पन्नासात दोन मिळतील तिथे नाही, मग ती दोन कितीही तेजस्वी असोत. त्या दोघांवर अन्याय होतो हे मला दिसतं. म्हणून आम्ही बाहेरून येणाऱ्या अर्जांसाठी ऑनलाइन चाचणी सुरू करायला लावली. मोठ्या आयटी कंपन्या तर सर्वांसाठी खुल्या चाचण्या घेतातच. तुंगभद्रांच्या तालुक्यातल्या मुलासारख्यांनी ती वाट जरूर धरावी.

दुसरं म्हणजे, तीन-चार वर्षांचा अनुभव झालेल्या माणसाचा अर्ज आला की मी कॉलेज शेवटी बघते. आधी बघते ते त्याने कुठल्या प्रकल्पावर काय केलं. पहिल्या नोकरीला नाव दार उघडतं, दुसरीला काम.

आणि पालकांनो, 'सर्वोच्च पॅकेज' या आकड्याकडे अजिबात बघू नका. तो एका मुलाचा असतो. मध्यक विचारा, म्हणजे रांगेत बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले. किती मुलं बसली आणि किती लागली ते विचारा.

जाईजुई

हे मध्यक वगैरे कुठे बघायला मिळतं? कॉलेजच्या जाहिरातीत तर फक्त मोठे आकडे असतात. माझा मुलगा पुढच्या वर्षी बारावीला आहे.

मध्यमान

जाईजुई, एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेने केंद्राला दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायची असते. संस्थेच्या पानावर 'एनआयआरएफ' शोधा, पीडीएफ सापडेल. त्यात पदवी घेऊन बाहेर पडलेले किती, नोकरी लागलेले किती, पगाराचा मध्यक किती, उच्चशिक्षणाला गेलेले किती, आणि प्राध्यापकांची यादी असते. त्याशिवाय तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या एआयसीटीईच्या नियमानुसार 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाचं पान असतं, तेही वाचा. ही माहिती संस्थेनेच भरलेली असते हे लक्षात ठेवून वाचा, पण जाहिरातीपेक्षा कितीतरी बरी.

क्रमवारीबद्दल एवढंच, की २०१६ पासून येणाऱ्या एनआयआरएफच्या यादीत इंजिनिअरिंगसाठी अध्यापन व साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, विद्यार्थ्यांच्या निकाल-नोकऱ्यांना २० टक्के, समावेशकतेला १० टक्के आणि लोकमताला १० टक्के वजन आहे. संशोधनाचे ३० टक्के पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलापर्यंत क्वचित पोचतात. आणि क्यूएस या संस्थेच्या जागतिक विद्यापीठांच्या यादीत तर प्राध्यापकांत संस्थेबद्दल असलेल्या मताला पूर्वी ४० टक्के वजन होतं, आता ३० आहे. म्हणजे प्रतिष्ठा मोजून प्रतिष्ठेची यादी केलेली.

फर्मागुडी

गोव्यातून लिहितोय. आमच्या फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या टेकडीवर गोवा इंजिनिअरिंग कॉलेज १९६७ पासून आहे. २०१६ साली आयआयटी गोवा सुरू झालं ते याच कॉलेजच्या आवारात, स्वतःची जागा मिळेपर्यंत. एनआयटी गोवाही कुंकळ्ळीला जाण्याआधी काही वर्षं इथेच होतं. एकच टेकडी, एकच पाऊस, आणि तीन संस्थांच्या पाट्या. पालक एका पाटीपुढे फोटो काढायचे आणि दुसरीकडे बघायचेही नाहीत.

आमच्या सरकारी कॉलेजातली मुलं आज गोव्याच्या वीज खात्यापासून परदेशातल्या जहाज कंपन्यांपर्यंत सगळीकडे आहेत. राज्य छोटं असल्यामुळे इथे जीईसीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण पत्रादेवीचा नाका ओलांडला की ते सांगून कळत नाही. रानवाट यांच्या प्रश्नाला भूगोलही जोडायला हवा. मुलाला जिथे काम करायचंय, तिथे ते नाव पोचलेलं आहे का?

दक्षिणकाठ

जर्मनीत, श्टुटगार्टजवळ असतो. इथे मास्टर्ससाठी येणारी मराठी मुलं दरवर्षी भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न क्यूएस क्रमांकाचा असतो. इथल्या माणसाला तो प्रश्न समजत नाही. सरकारी विद्यापीठांचा दर्जा देशभर बऱ्यापैकी सारखा ठेवायचा अशी इथली जुनी रीत. नऊ तांत्रिक विद्यापीठांचा 'टीयू नाइन' गट आहे, आखेन आणि म्युनिकला मान आहे, पण वाहन उद्योगातला अधिकारी अर्जदाराला विचारतो की प्रबंध कुठल्या कंपनीत केलास, कामाचा अनुभव किती, आणि जर्मन येतं का. उपयोजित विज्ञानाच्या छोट्या विद्यापीठातली मुलं कंपन्यांशी आधीच जोडलेली असतात म्हणून पटकन लागतात.

खर्चाचं बघूनच ठरवा. बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो आहेत आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी लावली. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. नुसत्या क्रमांकासाठी महागड्या देशात, घर गहाण टाकून, एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला जाणारी मुलं बघितली की जीव तुटतो.

मात्र नाव कायद्यातही शिरलंय हे खरं. ब्रिटनने २०२२ मध्ये एक व्हिसा सुरू केला, ठरावीक जागतिक विद्यापीठांच्या पदवीधरांना नोकरी हातात नसतानाही येऊ देणारा. क्रमवाऱ्यांवरून केलेल्या त्या पहिल्या यादीत भारतातलं एकही विद्यापीठ नव्हतं.

महाडकर

दक्षिणकाठ यांनी कायद्याचा मुद्दा काढलाच आहे, तर आपल्याकडचंही सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारण आणि जामीनदार नसताना शैक्षणिक कर्ज, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. चांगली योजना आहे. पण ती लागू होते एनआयआरएफवरून निवडलेल्या संस्थांना, सुरुवातीला ८६०. यादीबाहेरच्या कॉलेजातल्या गरीब मुलाला तीच सवलत नाही. आपल्या राज्याच्या, अनुसूचित जातींच्या मुलांसाठीच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीलाही क्यूएस क्रमवारीची अट आहे, आणि जागा वर्षाला ७५. म्हणजे श्रीमंत घरचं मूल क्रमवारीकडे दुर्लक्ष करून विषयासाठी, एखाद्या शिक्षकासाठी कुठेही जाऊ शकतं. आमच्या मुलांना ते स्वातंत्र्य नाही. त्यांना यादीतलंच विद्यापीठ घ्यावं लागतं.

बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा अशी यादी नव्हती. तिथे त्यांना अर्थतज्ज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई भेटले. ड्यूईंचा प्रभाव त्यांच्या लोकशाहीविषयीच्या मांडणीत शेवटपर्यंत दिसतो. आमच्या घरांत कोलंबियाचं नाव आदराने घेतात ते या माणसांमुळे. त्याच कोलंबियाच्या क्रमवारीचं २०२२ मध्ये काय झालं तेही बघा. तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेले वर्गसंख्येसारखे आकडे खरे नाहीत हे दाखवून दिलं आणि अमेरिकेतल्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. त्या एका वर्षात तिथलं शिकवणं सोळा पायऱ्या खाली गेलं असेल का? क्रमांक हा असा असतो.

माझं म्हणणं, भाचीला विचारायला सांगा की आयसीटीत तिला शिकवणार कोण आहेत, आणि त्यांचं काम तिने वाचलंय का.

तुंगभद्रा

महाडकर, पूर्ण सहमत, पण एक राहतंय. ड्यूई भेटायला आधी कोलंबियात पोचावं लागलं. चांगले शिक्षक, चांगली ग्रंथालयं आणि बरोबरची चांगली मुलं मोठ्या नावांच्याच आसपास गोळा झालेली आहेत, हे वास्तव आहे. व्हीजेटीआयमध्ये मला सगळ्यात जास्त कुणी शिकवलं असेल तर वसतिगृहातल्या मुलींनी. रात्री दोन वाजता एकीने सिग्नल्सचा पेपर समजावला, दुसरीने पहिल्यांदा एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेबद्दल सांगितलं. ती सोबत नसती तर मला पुढच्या वाटा माहीतच झाल्या नसत्या. सेखरींच्या अभ्यासात परीक्षेचे गुण सारखे आले असतील, पण ही माहिती परीक्षेत मोजली जात नाही.

मध्यमान

मान्य. गुण सारखे असूनही पगारात पडलेल्या फरकाचा काही भाग याच ओळखींचा आणि माहितीचा असणार. सगळा फरक पाटीचा आहे असं मी म्हणणार नाही.

पिंपळपान

हीच सोबत लहान गावातल्या कॉलेजातही तयार करता येते, तिथल्या शिक्षकांनी मनावर घेतलं तर. मी प्रयत्न केला आहे. माजी विद्यार्थ्यांना बोलावून महिन्यातून एक बैठक, एवढ्यावर मुलांची नजर बदलते. पण हे व्यक्तींवर अवलंबून राहतं, आणि मोठ्या संस्थेत ते आपोआप होतं, हे मान्य करायला हवं.

साधासरळ

सगळे प्रतिसाद वाचले. कॉम्प्युटरबद्दलचं मत अजून तेच आहे, पण ज्या मुलीला दुसरा विषय मनापासून हवाय तिला ओढून आणू नये हे पटलं. मुलीने स्वतः तिथलं कुणाला विचारलंय का?

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या ओळखीतून आयसीटीच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीशी भाचीचं फोनवर तासभर बोलणं झालं. प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काम करायला मिळतं का, शिकवणारे भेटतात का, वसतिगृह पहिल्या वर्षी मिळतं का, सगळं तिनेच विचारलं. मग एनआयआरएफची पीडीएफ ताईने आणि तिने मिळून वाचली. दाजींनाही मध्यकाचा आकडा दाखवला.

तुंगभद्रा, तुमचा पहिला प्रतिसाद दाजींना मोठ्याने वाचून दाखवला. दाजी स्वतः साखर कारखान्यात कारकून आहेत. ते म्हणाले, "म्हणूनच मी सीओईपी म्हणतोय, लोकांना सांगावं लागत नाही." त्यांच्या आग्रहामागे काय होतं ते मला तेव्हा कळलं. त्यांना फुशारकी मारायची नव्हती. पोरीला कुठे खाली बघावं लागू नये एवढंच होतं. मग मी त्यांना आमच्या कारखान्याच्या तांत्रिक प्रमुखांशी बोलायला लावलं. ते आयसीटीचे नाहीत, त्यामुळे बाजू घेण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी सांगितलं की रसायन उद्योगात हे नाव सांगितल्यावर पुढे समजवावं लागत नाही.

अर्जात पहिला पर्याय आयसीटी केमिकल, दुसरा सीओईपी. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही, म्हणून पहिल्या ओळीत काय लिहायचं यावर शेवटपर्यंत चर्चा झाली आणि ती ओळ भाचीने स्वतः भरली.

आता एकच विचारायचंय. माटुंग्यात वसतिगृह लगेच मिळालं नाही तर पहिल्या काही महिन्यांसाठी मुलींची राहायची बरी सोय कुठे होईल? दादर-सायनच्या बाजूला कुणाला माहिती असेल तर सांगा.

तुंगभद्रा

मी त्याच भागात राहिलेय, आणि तिथल्या जुन्या मैत्रिणी अजून संपर्कात आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. तिला म्हणावं, रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास पहिल्याच आठवड्यात काढ, आणि मेसचे पैसे एकदम वर्षाचे भरू नकोस.